वाला कुणी लावला?

४ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. ह्यांना काल घरी आणलं. फोन केला असता, पण तुमचे कान आणि ह्यांची जीभ, दोघं एकदमच रुसून बसलेत. तेव्हा पत्रच बरं.

झटका उजव्या बाजूला होता. पाय ओढत का होईना, चालतात. हात अजून ऐकत नाही. समजतं मात्र सगळं. भेटायला येणाऱ्यांत कोण मायेने आलंय आणि कोण नुसतं डोकवायला, तेसुद्धा समजतं. ह्यांच्या भुवया बघून मलाही कळतं. अडलंय ते बोलण्यात. सुटे सुटे शब्द येतात. "पाणी." "चप्पल." "लेक." पुढे काही नाही, मागे काही नाही. हॉस्पिटलात एकदा "दुकान" म्हणाले. उघडू? कुलूप नीट लावलंय का बघू? कुणी आलं होतं का विचारू? मी एकामागून एक विचारत गेले, शेवटी दमून दोघांनीही डोळे मिटले.

तिथे बोलणं शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्या म्हणाल्या, "ह्यांची नामं शाबूत आहेत. क्रियापदं आणि प्रत्यय सांडलेत. घरी रोज सराव करून घ्या." मी मान हलवली खरी, पण मला घाम फुटला. व्याकरणाच्या तासाला मी मागच्या बाकावर बसून मैत्रिणींच्या वेण्या घालायचे. प्रत्यय म्हणजे अनुभव, एवढंच मला ठाऊक, आणि तुमच्या धाकट्या भावाचा तो मला तीस वर्षं भरपूर आलाय.

तुम्ही जन्मभर पाचवीच्या मुलांना हेच शिकवलंत. मला शिकवा. पहिल्यापासून.

तुमची वहिनी

१० फेब्रुवारी

वहिनी,

पत्र मिळालं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी खुर्चीला खिळलेली आहे, नाहीतर स्वतःच आले असते. पण कुणीतरी "मला शिकवा" म्हणालं, हे वाचून निम्मं दुखणं पळालं. निवृत्त शिक्षकाला कुणी असं म्हणत नाही, उलट लोक रस्ता बदलतात.

तर ऐक. शब्दांच्या आठ जाती. नाम, सर्वनाम, विशेषण आणि क्रियापद या चार सुनांसारख्या: प्रसंग पाहून रूप बदलतात. उरलेल्या चार सासवांसारख्या: जागच्या हलत नाहीत. त्यांचं नंतर बघू.

प्रत्यय म्हणजे शब्दाच्या शेपटाला जोडायचा तुकडा. तो दोन तऱ्हेचा असतो. ‘घर’ला ‘त’ जोडला की ‘घरात’. घर तेच राहिलं, फक्त वाक्यात त्याचं नातं कळलं. ‘दूध’ला ‘वाला’ जोडला तर मात्र ‘दूधवाला’. इथे दुधाचा माणूस झाला, शब्दच नवा घडला. हा फरक ध्यानात ठेव.

आता अभ्यासक्रम. एक पाटी आण. रोज सकाळी बाराखडी. मग नाम चालवून घे: घर, घराला, घराने, घराचा, घरात. तिसऱ्या आठवड्यात छोटी वाक्यं. चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. लहानपणी मी त्याला असंच बसवायचे, तेव्हा तो खिडकीतून पळून जायचा. आता जाऊन जाऊन जाईल कुठे.

ताई

२७ फेब्रुवारी

वन्सं,

पाटी फुटली.

पहिले दोन दिवस गपगुमान बसले. तिसऱ्या दिवशी मी "घराला, घराने" म्हणत होते, तेवढ्यात डाव्या हाताने पाटी सरकवली ती थेट फरशीवर. मी म्हटलं, "अहो, वन्संनी सांगितलंय." त्यावर भिंतीकडे तोंड केलं. मी पुढे जाऊन बघितलं तर डोळे भरलेले. वन्सं, रागावू नका, पण ते पाचवीत नाहीत. इथल्या अर्ध्या लोकांच्या सायकली त्यांनी मार्गाला लावल्यात, आणि त्यांना मी ‘क का कि की’ म्हणायला लावते. मलाच कसंतरी झालं.

मग पाटीचे तुकडे भरले, ह्यांना सदरा घातला आणि दुकानात नेलं. घरात बसून दोघंही आंबलो होतो. नुसती हवा खेळावी म्हणून शटर अर्ध्यावर उघडलं, तर एक कॉलेजची मुलगी पंक्चर घेऊन हजर. नाही कसं म्हणू? हे स्टुलावर बसून बोट दाखवत राहिले, मी करत गेले. टायर काढला, ट्यूब काढली, हवा भरून पाण्यात धरली. भोकातून बुडबुडे येतात म्हणे. मला काही दिसेनात. ह्यांचं बोट मात्र पहिल्या झटक्यात भोकावर. घासून, सोल्युशन लावून ठिगळ मारलं. मुलगी गेली आणि सायकल परत आली नाही, म्हणजे जमलं असावं.

दोन गोष्टी सांगायच्यात. एका स्कूटरवाल्याने मागे न बघता गाडी मागे घेतली आणि आपल्या चार सायकली आडव्या पाडल्या. तर हे स्टुलावरून स्वच्छ ओरडले, "अरे गाढवा." मी हातातला पंप टाकून त्यांच्याकडे बघतच राहिले.

दुसरी गोष्ट अशी की आठवडाभर हे "हवा, हवा" म्हणत होते. मी पंखा लावला, खिडक्या उघडल्या, शेवटी पंपसुद्धा हातात दिला. कपाळावर हात मारून घ्यायचे. काल चहावाला किटली घेऊन आला, तर त्याच्या पेल्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हवा." चहा हवा होता, वन्सं. आठवडाभर मी माणसाला नुसता वारा घातला.

वहिनी

६ मार्च

वहिनी,

पाटी फुटली ते बरंच झालं. घाई माझी झाली. खुर्चीत बसून शिकवलं की असं होतं. समोर मूल आहे की माणूस, ते दिसत नाही.

तुझ्या दोन गोष्टींनी मात्र मी दिवसभर खुशीत होते. ‘गाढवा’ बघ. ‘गाढव’ नाही म्हणाला. शेवटी काना आहे. कुणाला हाक मारताना नामाला जे रूप येतं, त्याला संबोधन म्हणतात. अर्थात फार हुरळून जाऊ नको. शिव्या सवयीने तोंडातून सुटतात, घडवाव्या लागत नाहीत, असं मी वाचलंय. पण सुटली ती रूपासकट सुटली.

‘हवा’ची गोष्ट त्याहून मोठी. वारा म्हणजे हवा, ते नाम. पण चहा हवा, साखर हवी, पाणी हवं: हे ‘हवा’ निराळं. त्याला विशेषण म्हणायचं की क्रियापद, यावरून मी आणि एक सहशिक्षिका मधल्या सुट्टीत डबे न उघडता भांडलो होतो. तू त्यात पडू नको. काम ते क्रियापदाचं करतं. म्हणजे त्याच्याकडे नुसती नामं उरलीत, हे खरं नाही.

आता माझा अभ्यासक्रम गुंडाळून ठेव. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, हे आपलं नशीब. तू वाक्य सुरू कर आणि शेवटचा शब्द त्याच्यासाठी सोड. सोडलास की गप्प बस. हेच तुला सगळ्यात जड जाणार आहे. आणि घर, फळा, आंबा ही पुस्तकातली नामं नकोत. सायकलची घे.

ताई

२३ मार्च

वन्सं,

गप्प बसले. तोंडावर पदर धरून बसले, पण बसले.

"ट्यूब..." मी म्हणायची आणि थांबायची. पहिल्या दिवशी नुसते ओठ हलले. दोन-तीन दिवसांनी चहा पिता पिता म्हणाले, "फाटली." मग रांगच लागली. "पंप..." "मोडला." "चाक..." "वाकलं." मी गंमत म्हणून म्हटलं, "चाक वाकली." अशा नजरेने बघितलं माझ्याकडे, जशी काही मी सायकल उलटी चालवतेय. "वाकलं," म्हणाले. पंप तो, ट्यूब ती, चाक ते: एकदाही चुकत नाहीत. हॉस्पिटलातल्या बाईंनी विचारलं, हे कुणी शिकवलं? मी तुमचं नाव सांगितलं आणि पाटीचं नाही सांगितलं.

‘नको’ पण आलाय. सध्या सगळ्यात जास्त तो आंघोळीला वापरतात.

वस्तू आणि माणसं तर आता घडाघडा सांगतात. चहावाला कोपऱ्यावर दिसला की "चहावाला", पेपर टाकणारा आला की "पेपरवाला". पण तुमचा तो नातं दाखवणारा प्रत्यय काही येत नाही. नट खोलायचा पाना मागितला की "पाना डबा," म्हणतात. मी विचारते, "डब्यात की डब्यावर की डब्याखाली?" मग स्टूल आपटतात.

दुकान मी सकाळचं उघडते. लेकीचे फोन येतात. बाकी ठीक.

वहिनी

१ एप्रिल

वहिनी,

पंप, ट्यूब आणि चाक वाचून मी शेजारणीला हाका मारल्या. तिला काही कळलं नाही, पण तिने साखर आणून दिली.

आता एक विचारते. माझ्या वर्गात निबंधात ‘इत्यादी’ लिहिणाऱ्या मुलींना मी उभं करायचे आणि विचारायचे, बाई, इत्यादीत काय काय आहे ते मोठ्याने सांग. तुझ्या ‘बाकी ठीक’मध्ये काय काय आहे?

ताई

९ एप्रिल

वन्सं,

उभी राहून सांगते.

लेक म्हणते, दुकान विका आणि दोघं माझ्याकडे या. जावईही भले आहेत, खोली रंगवून ठेवलीय. आपल्या शेजारच्या चष्मेवाल्याला दुकान वाढवायचंय, मधली भिंत पाडली की त्याचं काम झालं. माणूस सभ्य आहे, भाव पाडत नाही, रोज येऊन ह्यांना नमस्कार करतो. तुम्हाला लिहिलं नाही, कारण दुकान तुमच्या वडिलांचं. तुम्हाला लागेल असं वाटलं. आणि खरं सांगू, ठरत नव्हतं तोवर लिहायचं तरी काय?

गेल्या शनिवारी ह्यांनीच ठरवलं. मी ट्यूब पाण्यात धरून बसले होते, नेहमीसारखी शोधत. बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग एकेक शब्द जोर लावून म्हणाले, "दुकान. चष्मा. तू."

मी विचारलं, "दुकान चष्मेवाल्याला द्यायचं?" काही बोलले नाहीत. "म्हणजे मी मोकळी होईन, असं?" त्यावर मान फिरवली. त्यांना त्रास होत असणार, म्हणून मी पुढे ताणलं नाही. माझे हात काळे झालेले त्यांना बघवत नाहीत, असं मला वाटतं.

येत्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी चष्मेवाला बोलणी पक्की करायला येणार आहे. लेकीला कळवलंय. ती रडली, आनंदाने. मी पण हसतमुखानेच आहे. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

वहिनी

१२ एप्रिल

वहिनी,

हे पत्र आजच टाकतेय. खाली पोस्टाच्या पेटीपर्यंत काठी घेऊन स्वतः जाणार आहे, डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत.

दुकानाचं मला लागलं की नाही, ते सोड. वडील गेले तेव्हाच ते धाकट्याचं झालं. विकायचं असेल तर खुशाल विका. पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचतेय. तो म्हणाला, "चष्मा." तू लिहितेस, "चष्मेवाला." हा ‘वाला’ कुणी लावला? त्याने की तू?

तूच लिहिलंयस की तो चहावाल्याला ‘चहावाला’ म्हणतो, पेपरवाल्याला ‘पेपरवाला’. माणूस हवा असेल तर तो माणसाचा पुरता शब्द उच्चारतो. ‘डबा’च्या पुढचा ‘त’ त्याला सापडत नाही, कारण तो नात्याचा तुकडा. ‘वाला’ तसा नाही, तो शब्दाच्या अंगातलाच. मग याच एका माणसाचं नाव तो अर्धं का टाकेल? मला वाटतं त्याला चष्माच म्हणायचंय. कसला, ते मला इथे बसून सांगता येणार नाही.

आणि ‘द्यायचं’ हे क्रियापदही तुझं. ‘मोकळी होईन’ तर अख्खं तुझं. त्याचे तीनच शब्द होते. उरलेलं वाक्य तू लिहिलंस आणि त्याच्या नावावर लावलंस.

माझं चुकलं असेल. मी एकदा चुकले आहे, पाटी साक्षीला आहे. पण त्याला विचार. एकेक क्रियापद घे आणि त्याच्यापुढे ठेव: विकायचं, बंद करायचं, भाड्याने द्यायचं, चालवायचं. प्रत्येकानंतर गप्प बस. मान फिरवली तरी उठू नको.

ताई

२१ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं आणि दोन दिवस मी ते पदराला बांधून नुसती हिंडले. विचारायचा धीर होईना. कारण उत्तर काय यावं असं मला वाटतंय, हेच मला कळत नव्हतं.

शेवटी सोमवार उजाडला. दुकान उघडलं, ह्यांना स्टुलावर बसवलं, मी समोर खोक्यावर बसले.

"दुकान विकायचं?"

"नको."

"बंद करायचं?"

"नको."

"भाड्याने द्यायचं?"

डोळे मिटून घेतले. मला वाटलं, कंटाळले. उठणार होते, पण तुमची आज्ञा आठवली. बसून राहिले. रस्त्यावरून दोन-चार सायकली गेल्या. मग मी म्हटलं, "चालवायचं?"

डोळे उघडले. 

"चालव," म्हणाले.

"कुणी?"

"तू." आणि छातीवर हात ठेवला. "मी. तू."

"आणि चष्मा?"

तेवढ्यात चष्मेवाला आत आला, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पेढ्यांचा नाही पण कसलातरी पुडा घेऊन. ह्यांनी त्याला थांब अशी खूण केली. परातीतली ओली ट्यूब माझ्या हातात दिली, पाण्यात धरायला लावली, बोट भोकावर ठेवलं. मग तेच ओलं बोट माझ्या डोळ्यापाशी आणलं. "दिसत," म्हणाले. मी वाट बघितली. "दिसत नाही. चष्मा. तू."

वन्सं, मला बुडबुडे दिसत नव्हते ते सगळ्यांना दिसत होतं, मलाच दिसत नव्हतं. मी हसायला लागले ते थांबेना. चष्मेवाला बिचारा दारात उभा. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काकू, दुकान नाही तर नाही, आधी डोळे तपासून घ्या." दुकान घ्यायला आला आणि गिऱ्हाईक घेऊन गेला. पुडाही ठेवून गेला.

लेक रुसली. म्हणाली, "आई, तू या वयात पंक्चरं काढणार?" मी म्हटलं, "काढतेच आहे की." एवढं बोलले आणि माझं मलाच कळलं की मला ते काम आवडतंय. वाकडं चाक फिरवून फिरवून सरळ होतं ना, तेव्हा फार बरं वाटतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ह्यांना न सांगता कळलं होतं, आणि सांगायला त्यांच्याकडे तीनच शब्द होते.

वहिनी

२८ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र शेजारणीला वाचून दाखवलं. या वेळी तिला सगळं कळलं.

"दिसत," थांबला, आणि "दिसत नाही." हे वाक्य त्याने आधी तोडलं आणि मग स्वतःच जोडलं. नकार सवयीने येत नाही, घडवावा लागतो. हॉस्पिटलातल्या बाईंना सांग.

लेक येईल ठिकाणावर. तिला एकदा दुकानात बसव. खोली रंगवलीच आहे तर सुट्टीला चार दिवस जाऊन राहा, म्हणजे तिचाही मान राहील. मला चष्म्याची चौकट कशी आहे ते लिही.

ताई

२ जुलै

वन्सं,

मधे दोन महिने गेले, माफ करा. गिऱ्हाईकं वाढलीत. लेकीकडे आठवडाभर राहून आलो. तिथे ह्यांनी जावयांच्या सायकलची चेन बदलून घेतली, माझ्या हातून. लेक बघत उभी होती. निघताना म्हणाली, "बाबा किती बोलायला लागलेत." चौकट काळी आहे, जाड. ह्यांना आवडते.

प्रत्यय येऊ लागलेत, पण लहर लागेल तेव्हा. "पाना डब्यात," काल म्हणाले. पाना डब्यात नव्हता, पण वाक्य बरोबर होतं.

आज हे पत्र एका शंकेसाठी. सकाळी एक साहेब आले, नवीनच. मी चाकाशी बसले होते. माझ्या डोक्यावरून ह्यांना म्हणाले, "मालक, ब्रेक लागत नाही, जरा बघता का?" ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मालक ही."

साहेब हसले. "अच्छा, मालकीणबाई का?"

ह्यांनी मान हलवली. जोर लावला. मला माहीत आहे तो चेहरा, मी हातातलं काम थांबवलं. "मालकीण नाही," म्हणाले. "मालक. मालक ही आहे."

साहेबांनी सायकल माझ्याकडे वळवली. मी ब्रेक बसवून दिला.

आता शंका. ही म्हणजे मी, म्हणजे स्त्रीलिंग. मग ‘मालकीण’च बरोबर ना? पंप आणि चाकाला कधी चुकले नाहीत, आणि इथे चुकले. दुरुस्त करून घेऊ का?

वहिनी

८ जुलै

प्रिय मालक,

दुरुस्त करू नकोस.

‘मालकीण’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. जिच्या मालकीचं आहे ती मालकीण, आणि मालकाची बायको तीही मालकीण. साहेबांनी दुसरा अर्थ धरला. धाकट्याने ते ओळखलं आणि शब्दच बदलला. लिंग त्याचं चुकलेलं नाही, ‘ही’ म्हणाला आहे, नीट बघ. वर एक नकाराचं वाक्य, एक होकाराचं, आणि क्रियापद दोन्हीकडे जागच्या जागी. पाचवीच्या वर्गात मी या उत्तराचा अर्धा गुण कापला असता. बरं झालं, निवृत्त झाले.

गुडघा आता जिना चढतो. पुढच्या महिन्यात येते. मला घ्यायला दुकान बंद करून स्टेशनवर येऊ नका, मी विचारत विचारत येईन.

या पत्रावर घराचा पत्ता घातलेला नाही. ‘मालक, सायकलचं दुकान’ एवढंच लिहिलंय आणि खाली रस्ता. पोस्टमन ते दोघांपैकी कुणाच्या हातात देतो, तेवढं कळव.

ताई